मयेकरांनी पास केलेला डबा

सत्तावीस जानेवारीला सकाळी सुरंगीहून तो फोन आला नसता, तर नारायण मयेकर चार दिवसांनी शाल आणि नारळ घेऊन सुखाने घरी गेले असते आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नसतं. कारण मयेकर हा माणूसच तसा. चौतीस वर्षं सिल्वासाच्या एका सरकारी कार्यालयात भांडारपाल, म्हणजे लोकांच्या तोंडी स्टोअरवाले काका. आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहांना लागणाऱ्या खाटा, चादरी, पातेली, पंखे, अगदी उंदराचे पिंजरेसुद्धा त्यांच्या हाताखालून जायचे. वेंगुर्ल्याकडून सव्विसाव्या वर्षी इथे आले, कामापुरती गुजराती शिकले, बाजारापुरती हिंदी शिकले आणि बायकोशी मात्र शेवटपर्यंत मालवणीतच भांडले. एवढ्या वर्षांत एक पातेलं कमी भरलं नाही की एक चादर जास्त निघाली नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवायची तसदीही घेत नसत.

एकतीस तारखेला निवृत्ती होती. सरकारी माणूस नुसता वय झालं म्हणून सुटत नाही. त्याच्यावर कसली चौकशी बाकी नाही, असा एक दाखला लागतो, आणि तो मिळेपर्यंत पेन्शनचा कागद जागचा हलत नाही. मयेकरांचा दाखला टाइप होऊन अधीक्षक अरविंदभाईंच्या ट्रेमध्ये पडला होता. सही तेवढी राहिली होती. सरकारी क्वार्टर सोडायचं होतं, सामान बांधून झालं होतं, एक तारखेला पहाटे वेंगुर्ल्याला जायला टेम्पो यायचा होता. मालतीबाईंनी तर कोथिंबिरीची कुंडीसुद्धा शेजारणीला देऊन टाकली होती.

आणि सुरंगीच्या मुलींच्या वसतिगृहातून मंजुळाबाईंचा फोन आला. मंजुळाबाई तिथल्या गृहमाता, मूळच्या सुरगाण्याकडच्या. बोलायला एकदम साध्या.

"काका, डबा लागला, टीव्ही बी चालू हाय," त्या म्हणाल्या. "पन गनित काय दिसत नाय."

मयेकरांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

गणिताची गोष्ट दिवाळीपासूनची. सुरंगीच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. वसतिगृहात दहावीच्या सोळा मुली. परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा वरून असं ठरलं, की वसतिगृहांत टीव्ही आहेत, छपरावर डिशही आहेत, तर महिन्याला काही भरावं न लागणारे फ्री डिशचे डबे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, घ्यावेत आणि मुलींना अभ्यासाच्या वाहिन्यांवरचे धडे दाखवावेत. नऊ वसतिगृहं, नऊ डबे. डबा निवडायचं काम अर्थात मयेकरांचं.

डबे पुरवले पप्पूने. पप्पू हा शिरपूरकडचा, चाळिशीचा गडी. वीस वर्षांपूर्वी गलोंड्याच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात कामाला आला. रात्रपाळ्यांनी पित्त खवळलं, तेव्हा कारखाना सोडून अथालच्या रस्त्याला छोटं दुकान टाकलं. चाळीचाळींतून कामगारांच्या पत्र्यांवर डिश बसवून देणं हा त्याचा धंदा. तीन दुकानांची कोटेशनं आली, त्यात पप्पूचं सगळ्यात कमी. कार्यालयाचा रिवाज असा, की सगळ्यात कमी तो पास. आणि पास झालेल्या वस्तूचा एक नमुना पांढऱ्या कापडात शिवून, त्यावर लाखेचं सील मारून, भांडारपाल आणि अधीक्षक दोघांच्या सह्यांनिशी कपाटात ठेवायचा. माल आला की त्या नमुन्याशी ताडून बघायचा.

आता फुकट डिशच्या डब्यांत दोन जाती असतात. जुन्या जातीला दुकानदार 'टू' म्हणतात, नव्या जातीला 'फोर'. दोन्हींवर चित्र येतं, दोन्ही फुकट. पण 'फोर'वर जेवढं दिसतं तेवढं सगळं 'टू'वर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात अभ्यासाच्या वाहिन्या आहेत. डिसेंबरात पप्पू दोन्ही डबे घेऊन स्टोअरमध्ये आला होता. मयेकर रजिस्टर भरत बसले होते.

"काका, टू देऊ का फोर?" पप्पूने विचारलं होतं. "टूमा सगळं नही येत हां."

मयेकरांनी मान वर केली नव्हती. "फुकट ते फुकट. स्वस्त असेल तो दे," म्हणाले होते. मग तो स्वस्त डबा स्टोअरच्या टीव्हीला जोडून बघितला. एका वाहिनीवर बातम्या लागल्या, दुसरीवर कीर्तन. मयेकरांनी चाचणीच्या कागदावर लिहिलं, "चित्र स्पष्ट, आवाज स्पष्ट." रेडिओच्या काळापासून ते हेच वाक्य लिहीत आले होते, फक्त रेडिओला चित्र नसायचं म्हणून अर्धं. डब्यावर गणित दिसतं का, हे बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वस्तू धड आहे ना, मग झालं.

फोननंतर तासाभरात ते पप्पूच्या मोटारसायकलवर मागे बसून सुरंगीच्या रस्त्याला लागले होते. डिशचं तोंड हललं असेल, वायर सैल असेल, पोरींना रिमोट चालवता येत नसेल, असं मनात एकेक मांडत होते, आणि यातलं काहीतरी खरं निघावं म्हणून देवाला हातही जोडत होते.

वसतिगृहाच्या हॉलमध्ये मुली सतरंजीवर बसल्या होत्या. पुढे दुर्गा नावाची दहावीतली मुलगी रिमोट घेऊन उभी होती. पलीकडच्या पाड्यावरची, बारीक अंगाची, नजर मात्र धीट. तिने वहीचं एक पान भरून यादी केली होती. पहिल्या वाहिनीपासून शेवटच्यापर्यंत, कुठे काय लागतं ते. गाणी, गाणी, सिनेमा, कुस्ती, बातम्या, भजन, गाणी. अक्षर सुरेख होतं.

"मी दोन वेळा सगळं फिरवून बघितलं काका," ती म्हणाली. "गणित कुठेच नाही."

पप्पू स्टुलावर चढला, डब्याची मागची बाजू बघितली, खाली उतरला. तो मयेकरांना दंडाला धरून बाहेर पडवीत घेऊन आला.

"काका, हा टू आहे. टूवर ते येणारच नही. मी बोललो होतो ना."

"मला कुठे माहीत होतं, काय येतं आणि काय नाही ते?"

पप्पू भांडखोर नव्हता, पण एकदा मनात आलेलं त्याला ठेवताही येत नसे. "तुमच्या घरी मी फोर लावेल आहे," तो म्हणाला. "काकू बोलल्या, चांगला द्या. तेव्हा तुम्ही काय दिसतं ते पहिले इचारेल आणि भाव नंतर."

मयेकरांना हे इतकं लागलं, की त्यांनी पप्पूकडे पाठ फिरवून चपला शोधायचं सोंग केलं. चपला पायातच होत्या. खरं होतं ते. मालतीबाईंसाठी डबा घेताना त्यांनी पप्पूला अर्धा तास उभं करून हजार प्रश्न विचारले होते. सोळा मुलींसाठी एकही विचारला नव्हता. आतून मुलींचा आवाज येत होता, कुणीतरी गाण्याची वाहिनी लावली होती आणि दुर्गा ती बंद करायला सांगत होती.

दुपारी तीनला ते अरविंदभाईंच्या केबिनमध्ये उभे होते. अरविंदभाई हे वलसाडकडचे, मयेकरांपेक्षा आठ वर्षांनी लहान, कामाला उरकते. मराठी बोलायचे, पण त्यांची स्वतःची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं, आणि पहिल्यांदा आपल्या सहीचा विचार केला. नमुन्यावर त्यांचीही सही होती.

"मयेकरभाई, जुओ," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलं की माझी भूल, तर काय होईल? ही खरेदी रद्द. नवीन मंजुरी, नवीन कोटेशन. एप्रिलशिवाय डबा नाय मिळणार. छोकरींची परीक्षा गेली. तुमच्यावर इन्क्वायरी. दाखला अटकला, पेन्शन अटकली. बराबर ने?"

मयेकरांनी मान हलवली.

"आणि दुसरा रस्ता. आपण लिहायचं, नमुना चांगला होता, पण पार्टीने हलका माल पाठवला. पार्टी तीन दिवसांत नऊचे नऊ बदलून देईल, स्वतःच्या खर्चाने. छोकरींना डबे मिळाले, तुम्ही एकतीसला घरी. पती गयु, विषय खलास."

"पण नमुना जुनाच आहे. सीलबंद आहे."

"कपाटाची चावी कोणाकडे असते?" अरविंदभाईंनी विचारलं.

मयेकरांनी चाव्यांचा जुडगा खिशात सारला. मग विचारलं, "आणि पप्पूचं?"

"काळ्या यादीत नाव जाईल. रूल आहे, मी काय करू? सरकारी काम बंद. चाळीत डिश लावेल तो, भुका नाय मरणार."

पण मयेकरांना माहीत होतं, की दोन वर्षांपासून चाळीतले लोक मोबाईलवरच सगळं बघतात आणि पप्पूचं दुकान आता शाळा, दवाखाने आणि वसतिगृहांच्या कामावर उभं आहे. नऊ नवे डबे पदरचे घालायचे आणि वर ते कामही जायचं, म्हणजे शटर ओढायचं. हे सगळं माहीत असून ते म्हणाले, "मुलींचं नुकसान नको व्हायला." माणसाला लबाडी करायची असली की तो कोणाचं तरी भलं शोधून काढतो, आणि मयेकरांना तर ते आयतंच सापडलं होतं. घरी जाईपर्यंत त्यांनी स्वतःला पुरतं पटवलं, की आपण हे सुरंगीच्या पोरींसाठीच करतो आहोत.

आता सीलबंद पिशवीत घालायला एक 'फोर' हवा होता. दुकानातून घ्यावा तर बिल होणार आणि चार जणांना कळणार. मयेकरांच्या घरी एक होता.

मालतीबाई खोक्यांच्या मध्ये बसून संध्याकाळचं कीर्तन ऐकत होत्या. बाकी सगळं बांधून झालं होतं, टीव्ही तेवढा शेवटपर्यंत राहू दे, असं त्यांनीच सांगितलं होतं. मयेकरांनी न बोलता टीव्हीमागे हात घालून वायर काढली. बुवांचा आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला.

"ह्यो खंय नेतास?" त्यांनी विचारलं.

"हापिसात. काम आसा."

"सरकारी हापिसात आमच्या घरचो डबो कित्याक?"

मयेकरांना बायकोशी खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी काही नीट, काही गुळमुळीत, पण सांगितलं सगळं. पप्पूने डिश बसवली त्या दिवशी त्याला गच्चीवरून खाली बोलावून मालतीबाईंनी सोलकढी पाजली होती, आणि खानदेशी माणसाला ती आवडली म्हणून महिनाभर शेजारणींना सांगत होत्या.

"पोरींसाठी करतंय गो," मयेकर शेवटी म्हणाले.

"बरां," मालतीबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आत मयेकरांनी कपाट उघडलं. जुनं सील फोडलं. जुना डबा काढला, घरचा आत घातला, कापड नव्याने शिवलं. लाख वितळवताना एक थेंब बोटावर पडला. सह्या केल्या, तारीख मागची घातली. अरविंदभाईंनी न बघता सही ठोकली. मग पप्पूला पाठवायच्या पत्रावर मयेकरांनी सही केली: मंजूर नमुन्याऐवजी हलक्या प्रतीचा माल पुरवल्याबद्दल खुलासा करावा. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो सह्या केल्या असतील, पण स्वतःची सही वाचून बघायची वेळ पहिल्यांदाच आली. ती नेहमीसारखीच होती. त्या रात्री त्यांनी पोटभर जेवून अंथरूण गाठलं आणि झोपही लागली, हेही सांगायला हवं.

तीस तारखेला अकरा वाजता पप्पूला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पत्र त्याच्या हातात चुरगळून गेलं होतं, इतक्या वेळा वाचलं असावं. केबिनमध्ये तिघेच होते. मयेकर खिडकीपाशी, खुर्ची असूनही उभे. बाहेर शिपाई उद्याच्या निरोप समारंभासाठी खुर्च्या मोजत होता.

अरविंदभाईंनी आरोप वाचून दाखवला. पप्पूने ऐकून घेतलं आणि मग हसला, म्हणजे काहीतरी गैरसमज आहे आणि तो आत्ता मिटेल, असं हसला.

"साहेब, टूच ठरेल होता. मी दोन्ही दाखवेल होते." तो मयेकरांकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा ना. मी इचारेल होतं का नही? टू देऊ का फोर, असं?"

मयेकर टेबलावरच्या काचेच्या वजनाकडे बघत होते. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या एका शब्दाच्या मागे टेम्पो होता, दाखला होता, वेंगुर्ल्याची वाट होती, चौतीस वर्षं होती. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना काय विचारतो? कागद बोलेल," अरविंदभाई म्हणाले. त्यांनी कात्रीने शिवण कापली, लाखेचे तुकडे टेबलावर पडले, आणि डबा काढून पप्पूपुढे सरकवला. "हा मंजूर नमुना. बघ. टू आहे की फोर?"

पप्पूने डबा उचलला. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग त्याने डबा उलटा केला, जसा तो रोजच करत असेल. डबा बसवून झाला की त्याच्या पोटाशी मार्करने तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवायची पप्पूची पद्धत होती, वॉरंटीच्या भानगडीत कामाला येतं म्हणून. काळ्या शाईत तिथे दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली त्याच्याच हातचं लिहिलेलं: मयेकर काका, क्वार्टर.

मयेकरांना ते खिडकीपासून दिसलं. आयुष्यभर प्रत्येक खुर्ची, प्रत्येक बादली उलटी करून नंबर तपासणाऱ्या माणसाने हा एक डबा उलटा करून बघितला नव्हता. आता पप्पू तो डबा अरविंदभाईंपुढे धरणार, ओरडणार, बाहेरचे लोक आत येणार.

पप्पूने वर बघितलं. मयेकरांच्या तोंडाकडे, पांढऱ्या केसांकडे, मग बाहेरच्या खुर्च्यांकडे. त्याने डबा पुन्हा सुलटा केला, हळूच टेबलावर ठेवला, लिहिलेली बाजू खाली.

"बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "नमुना फोरच आहे. माझीच चूक झाली. नऊ डबे बदलून देतो. यादीत नाव टाकू नका एवढं बघा, लेकरं आहेत. आणि काकांना यात ओढू नका, उद्या त्यांचा कार्यक्रम आहे."

"समजदार आहे," अरविंदभाई म्हणाले आणि कागद पुढे केला. "इथे सही कर. यादीचं माझ्या हातात नाय, पण बघतो."

पप्पूने खिशातलं पेन काढलं.

आरोप झाला असता तर मयेकर कदाचित तगले असते. उलट ओरडले असते, वयाचा मान काढला असता, नाकबूल केलं असतं. पण समोरचा माणूस आपल्याला झाकायला स्वतः बुडतो आहे आणि आपण ते उभ्याने बघतो आहोत, हे त्यांना सोसलं नाही. ते दोन पावलं पुढे आले, पप्पूच्या हाताखालून कागद ओढून घेतला, आणि डबा उलटा करून अरविंदभाईंपुढे ठेवला.

"वाचा," ते म्हणाले.

अरविंदभाईंनी वाचलं. चष्मा काढला.

"हा माझ्या घरचा डबा आहे. खरा नमुना कपाटात खालच्या खणात आहे, तो जुनाच आहे. यानं मला विचारलं होतं, टू देऊ की फोर. जुन्यावर सगळं येत नाही, हेही सांगितलं होतं. मी मान वर न करता म्हणालो, स्वस्त तो दे. याची काही चूक नाही. चूक माझी, आणि परवापासूनची लबाडीपण माझी."

"मयेकरभाई, बेसो," अरविंदभाई हलक्या आवाजात म्हणाले. "एक दिवस राहिला. एकच दिवस. तो सही करतोय ना? कशाला आपल्या हाताने?"

"कोरा कागद द्या."

मयेकर बसले आणि लिहायला लागले. अर्धं पान झालं. नमुना कोणी निवडला, पुरवठादाराने काय बजावलं होतं, सील कोणी फोडलं, आत काय घातलं. शेवटी सही आणि तारीख, आजची. पूर्ण कागदात 'मी' आणि 'माझ्याकडून' एवढंच होतं. दुसऱ्या सहीचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला नाही. दुसऱ्याच्या गळ्यात काही घालायचं नाही, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचत होतं. अरविंदभाईंनी कागद दोनदा वाचला, आपलं नाव शोधलं, सापडलं नाही तेव्हा सुस्कारा टाकला. मग ट्रेमधला तो टाइप केलेला दाखला उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला, सही न करता.

"छोकरींचं काय पण?" ते म्हणाले. रागाने नाही, खरोखर विचारत होते.

पप्पू बाहेर पायरीवर थांबला होता. आभार वगैरे त्याने मानले नाहीत. "काका, सोडू का घरी?" एवढंच विचारलं. मयेकर नको म्हणाले आणि चालत निघाले.

संध्याकाळी मंजुळाबाईंचा फोन आला. पप्पू दुपारीच सुरंगीला येऊन दुकानातला एक डबा लावून गेला होता, कागद नाही, पावती नाही. फळ्यावर एक बाई बेरजा कसल्या तरी करतेय, आणि दुर्गा वही घेऊन अगदी पुढे बसलीय, असं त्या सांगत होत्या. बाकी आठ ठिकाणी उन्हाळ्यापर्यंत गाणीच वाजत राहिली. तिथल्या दहावीच्या मुलांचं जे नुकसान झालं ते झालं, आणि मयेकरांच्या कबुलीने ते भरून आलं नाही.

मयेकर घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मालतीबाई बांधलेल्या खोक्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मयेकरांनी चप्पल काढली, भिंतीला टेकून खाली बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चौकशी होणार, ती संपेपर्यंत इथेच राहावं लागणार. दाखला नाही. पेन्शन कधी ते माहीत नाही. उद्याचा समारंभ नाही. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगावं लागणार, आणि क्वार्टर तर सोडावंच लागणार, म्हणजे अथालकडे कुठे भाड्याची खोली बघायला हवी. शेवटी शेवटी त्यांचा आवाज चिरकला. बायको रडेल, नाहीतर तोंड सोडेल, याची त्यांनी वाटभर तयारी केली होती.

मालतीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. एका खोक्याची सुतळी सोडून दोन ताटं बाहेर काढली आणि पदराने पुसली.

"परवा तुमी सही करून इलास ना," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्या रात्री मी जेवाक नाय. कालय नाय. तुमच्या ध्यानातय इला नाय."

मयेकरांनी त्या दोन ताटांकडे बघितलं.

"उठा, हात धुवा," मालतीबाई म्हणाल्या. "आज दोघांय जेवया."